सीझररावांची मासळी

आमचे घरमालक अख्ख्या रत्नागिरीत फक्त एकालाच अहो-जाहो करत, आणि तो कुत्रा होता.

मला ते 'बँक' म्हणत, कारण मी बँकेत कारकून होतो. "अरे बँक, नळ चालू ठेवून कुठे उलथलास?" दूधवाला 'दूध', पोस्टमन 'टपाल', आणि ठाण्याला मोठ्या कंपनीत असलेला स्वतःचा सख्खा मुलगा म्हणजे 'तो गाढव'. मालक पूर्वी कोर्टात शिरस्तेदार होते. तेव्हा न्यायाधीशांना अहो म्हणावंच लागे. निवृत्त झाल्या दिवशी ती सक्ती संपली आणि त्यांनी मोकळा श्वास घेतला, तो मी तिथे राहायला जाईपर्यंत चालूच होता.

पण सकाळी उजाडता उजाडता ओटीवरून आवाज यायचा, "उठा सीझरराव. असं पसरून झोपणं तुम्हाला शोभत नाही. लोक बघतात."

सीझरराव म्हणजे ग्रेट डेन. अंग मातकट, तोंड काळं, उंची घोड्याच्या शिंगराएवढी. जांभई दिली की आत दिवा लावावा असं वाटे. मी एकदा धीर करून विचारलं, "मालक, कुत्र्याला कसलं अहो?"

"एवढ्या आकाराच्या इसमाला अरे म्हणवत नाही," ते म्हणाले. "तू त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणून दाखव."

मी सीझररावांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यासाठी मला फारसं वाकावंही लागलं नाही. त्या दिवसापासून मीही अहो म्हणू लागलो.

मालकांचं घर मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भाड्याच्या खोल्या. फाटकावर पाटी होती : 'खोली भाड्याने देणे. शाकाहारी. नोंद घ्यावी.' हे 'नोंद घ्यावी' त्यांच्या जिभेवर कोर्टातून आलेलं होतं आणि ते कशालाही लागे. "आमटीत मीठ नाही, नोंद घ्यावी." "उद्या अमावास्या आहे, नोंद घ्यावी." मालकीणबाई ती कधी घेताना दिसल्या नाहीत. त्या मुळात बोलायच्याच कमी. नवऱ्याच्या वाट्याचं आणि आपल्या वाट्याचं असं दोघांचं बोलणं नवराच बोलून टाकतो म्हटल्यावर बाई गप्प बसेल नाहीतर काय करेल?

मी अठ्ठ्याण्णव साली खोली बघायला गेलो तेव्हा माझी रीतसर उलटतपासणी झाली.

"गाव?"

"दापोली."

"जेवणात काय खातोस?"

"भात," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. भातावर काय घेतो, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी नसली तर वडील ताटाकडे न बघता जेवत आणि आईकडे न बघता उठत. पण मला खोली हवी होती. मी बाजारातल्या खानावळीत मासे खाई, लिंबानं हात चोळी, बडीशेप चघळी आणि एखाद्या कीर्तनकाराच्या चेहऱ्यानं फाटक उघडी.

खोलीत सामान लावत होतो तेव्हा मालक दारात उभे राहून मला आधीच्या भाडेकरूची हकीकत सांगू लागले. सांगताना जिंकलेल्या खटल्याची गोष्ट सांगणाऱ्या वकिलासारखा चेहरा होता.

"तुझ्या आधी एक मास्तर होता इथे. नवराबायको दोघंच. एके दिवशी त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं आणि आत सुके बोंबील भाजले. आता दार लावल्यानं वास थांबतो का रे मेल्या? मी गेलो, दार ठोठावलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एकच वाक्य बोललो. 'या घरात देव आहेत. नोंद घ्यावी.' महिनाअखेर खोली रिकामी!"

मी मान डोलावली. खिशातली बडीशेप चाचपली. आपली खोली आपल्याला कशी मिळाली हे कळल्यावर माणसाला जरा अवघडल्यासारखं होतं. पण खोली हवेशीर होती.

*

सीझरराव आले ते दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत. ठाण्याचा गाढव सुमो गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर तो आणि मागच्या पूर्ण सीटवर हे पिल्लू. त्यांच्या सोसायटीनं तक्रार केली होती. "बाबा, आठ दिवसांसाठी ठेवा," असं म्हणून मुलगा गेला. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचे आठ दिवस भरले नव्हते.

पहिल्या महिन्यात पिल्लानं काय काय गिळलं, पाडलं आणि फोडलं याची हकीकत मी बँकेत रोज साभिनय सांगत असे. तुळशीवृंदावन शेपटीच्या एका फटक्यानं आडवं. ओटीवरचा झोपाळा त्यांना इतका आवडला की मालक खाली बसू लागले. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यांच्यासाठी ओटीवर आला, कारण आपल्या घामट हवेत त्यांची जीभ आत जाईना. दुधाचा रतीब वाढला. साखळी तुटली, मग बैल बांधायचा दोर आला. मालकांनी तपकीर सोडली. पुण्याला भाचीच्या लग्नाला जायचं रद्द केलं. परसातला जुना फणस लाकडाच्या वखारवाल्यानं तोडून नेला तेव्हा मालक घरात जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा सीझररावांना म्हणाले, "तुमच्यावर उपकार नाहीत हे. फणस तसाही फार चिकट होता."

हा खर्च सगळ्यांना दिसत होता. पुढचा खर्च दिसायला जरा वेळ लागला.

घरात जे शिजे तेच सीझररावांना मिळे. दूधभात, ताकभात, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, आणि सणाला मेतकूट-भातावर लोणकढं तूप. ते सगळं बिचारे एका घासात संपवून मालकांच्या तोंडाकडे बघत राहत. उंची वाढत होती, पण बरगड्या दिसू लागल्या. मग पुढचे पाय गुडघ्यापाशी बाहेर फाकले. मग एके दिवशी ते झोपाळ्यावर चढायला गेले आणि चढता आलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. आयुष्य गाईम्हशींत गेलेले गृहस्थ. त्यांनी पाय दाबून पाहिले, ताटली पाहिली आणि मालकांकडे पाहिलं.

"शिरस्तेदार, हा वाघ आहे. वाघाला तुम्ही मेतकूट-भात घालताय?"

"घरात जे आहे ते."

"हाडं मऊ राहिलीत याची. एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू, वर्षभरात रेडकाएवढं होतं. औषध लिहून देतो, पण नुसत्या औषधानं भागायचं नाही. मटण घाला, मासळी घाला. नाहीतर पावसाळ्यापर्यंत हा बसेल तो उठायचा नाही."

डॉक्टर गेल्यावर मालक बराच वेळ ओटीच्या पायरीवर बसले होते. सीझररावांनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. मांडी त्या डोक्याला पुरत नव्हती.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली.

"तुम्ही आहात का आत?" मालकांचा आवाज.

तुम्ही! मी ताडकन उठलो. खोली सोडायला सांगताहेत, दुसरं काय असणार!

ते आत आले, दार लावून घेतलं. "तुम्ही मासे खाता, याची मला पहिल्या आठवड्यापासून कल्पना आहे. बुधवारी तुमच्या हाताला लिंबाचा वास येतो. पुरावा नव्हता म्हणून गप्प होतो."

"मालक, मी बाहेर..."

"मी आरोप ठेवायला आलेलो नाही." ते माझ्याकडे न बघता माझ्या कंदिलाकडे बघत बोलत होते. "मासळी कशी विकत घेतात, ते मला शिकवा."

मटणाच्या दुकानाचा विचारही त्यांना सोसवत नव्हता. मासळी निदान समुद्रातून येते, आणि समुद्राला ते रोज सकाळी नमस्कार करत.

*

मालक मासळीबाजारात गेले तो प्रवेश मी आजही उभं राहूनच सांगतो.

डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, आणि तोंड दिसू नये म्हणून उघडलेली छत्री. फेब्रुवारी महिना. आकाशात ढग नाही आणि ऊनही कोवळं. अख्ख्या बाजारात एकच छत्री उघडी, त्यामुळे ज्याला बघायचं नव्हतं त्यानंही वळून बघितलं. मी चार पावलं मागे चालत होतो.

टोपल्या मांडून बसलेल्यांपैकी एका मावशीनं खालून वाकून छत्रीच्या आत पाहिलं.

"अगो बाय! शिरस्तेदार! येवा, येवा. वाट चुकलांव काय?"

"कुत्र्यासाठी हवी आहे," मालक म्हणाले. कोर्टात पुकारा करायची सवय असलेला आवाज. तो हळू निघेच ना.

"सगले पैल्यांदा कुत्र्यासाठीच न्हेतात ओ!" मावशी म्हणाली आणि सगळी रांग खदखदून हसली. पलीकडून दुसरी ओरडली, "गो, कुत्र्याला कोकम पण लागंल, विचार त्यांना!"

"खरंच कुत्रा आहे. मोठा आहे," मालक म्हणाले. मग मोकळ्या हातानं छातीपर्यंत उंची दाखवली. ती बघून तर कुणाचाच विश्वास बसेना.

मीही हसलो. हसता हसता छत्रीखाली नजर गेली आणि हसू तिथेच थांबलं. मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या वयाच्या माणसाला मी इतकं शरमलेलं कधी पाहिलं नव्हतं. तरी ते हलले नाहीत. तारलीचा वाटा पिशवीत पडेपर्यंत तिथेच उभे राहिले.

पुढे आठवडाभरात 'कुत्र्यासाठी' हा शब्द गावभर झाला. बाजारात कुणीही यावं, डोळा मिचकावून म्हणावं, "दे गो दोन वाटे, कुत्र्यासाठी." मालक मात्र एक दिवसाआड जात राहिले. पुढे तर डोळे आणि कल्ले बघून मासळी ताजी की शिळी हे ते माझ्यापेक्षा नेमकं सांगू लागले. फक्त बोटानं दाबून बघत नसत. छत्रीच्या टोकानं दाखवत.

मासळी घरात शिजणं शक्य नव्हतं. विहिरीपलीकडे, माझ्या खोलीच्या भिंतीशी त्यांनी तीन दगड मांडले. तो सोहळा बघण्यासारखा असे. मासळीचं म्हणून एक धोतर वेगळं होतं. जानवं कानाला अडकवलेलं. टोप वेगळा, पळी वेगळी, आणि एक जुना, एका काडीचा चष्मा वेगळा, तो फक्त काटे काढण्यासाठी. उकडलेल्या मासळीतला एकेक काटा ते पोथीतली ओळ लावल्यासारखा शोधून काढत. समोर सीझरराव बसलेले, लाळेची दोरी जमिनीपर्यंत.

"घाई नको," मालक म्हणत. "घशात अडकला म्हणजे? तुमचा घसा केवढा, काटा केवढा. सापडायचा नाही आम्हाला."

मग विहिरीवर डोक्यावरून अंघोळ, आणि मगच घरात पाऊल.

पहिल्या दिवशी चूल पेटली, मासळीचा वास विहिरीवरून अंगणात आणि अंगणातून घरात गेला, तेव्हा मालकीणबाई मागच्या दारात आल्या. मी माझ्या खिडकीत होतो. त्यांनी पदर नाकाला लावला होता. मला वाटलं, आता बाई बोलणार. त्या बोलल्या, पण अगदी साध्या आवाजात.

"त्या पोरीला दिवस होते हो."

एवढंच बोलून आत गेल्या.

मालकांच्या हातातली पळी टोपातच राहिली. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. जिंकलेल्या खटल्याच्या हकीकतीत तेवढंच वगळलेलं होतं. मास्तरांच्या बायकोला डोहाळे लागले होते. तिला माहेरी पोचवण्याइतकी मास्तरांना रजा नव्हती. तिनं दार-खिडक्या लावून, जिवाचा धडा करून, सुके बोंबील भाजले होते. त्याच भिंतीच्या अलीकडे. आता पलीकडे मालक तेच करत बसले होते, आणि खिडक्याही उघड्या होत्या.

*

सीझररावांचे पाय सुधारू लागले. मालकांची पत उतरू लागली.

चैत्रात रामनवमीच्या आधी देवळात पोथी लागे. वाचनाचा मान कित्येक वर्षं मालकांचा. त्यांचा तो पुकाऱ्याचा आवाज देवळाबाहेर नारळवाल्यापर्यंत जाई. त्या वर्षी देवळातली दोघं वयस्क माणसं ओटीवर येऊन बसली. पाणी घेतलं, पन्हं घेतलं, सीझररावांपासून जरा दूर सरकली आणि एकजण म्हणाला, "यंदा तुम्ही जरा विश्रांती घ्यावी म्हणतो. दगदग होते."

"मला कसली दगदग?"

"नाही, म्हणजे... लोक बोलतात. आम्हाला माहीत आहे हो, कुत्र्यासाठीच आहे. पण देवाचं काम."

दुसऱ्यानं मार्गही आणला होता. त्याच्या ओळखीचा एक आंबा बागायतदार वानरांनी हैराण झाला होता. त्याला असला दांडगा कुत्रा हवाच होता. "आजच्या आज घेऊन जाईल. तुम्ही मोकळे. पोथी तुमचीच."

मालक सीझररावांकडे बघत राहिले. सीझररावांनी जांभई दिली.

"ते वानरांमागे धावायला लागले तर पाय पुन्हा बिघडतील त्यांचे," मालक म्हणाले. "पोथी तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या."

मंडळी गेली. जाताना किती नम्रपणे गेली! आवाज चढला नाही, शिवी नाही. मालक पायरीवर बसून राहिले. मी पाणी भरायला विहिरीवर निघालो होतो, मला हाक मारली.

"बँक, बघितलंस? कशी सभ्यपणे घालवतात माणसाला."

मग थोड्या वेळानं स्वतःशीच, "मीपण अगदी असाच सभ्यपणे बोललो होतो."

एप्रिल संपत आला तेव्हा पुन्हा टकटक. पुन्हा 'तुम्ही'. "महाराष्ट्र दिनाला तुमच्या बँकेला सुट्टी असेल. माझ्याबरोबर देवरूखला चला. मास्तर तिथे असतो. असतात." पत्ता मालकीणबाईंनी दिला होता. त्यांनी बाळंतविडा पाठवला होता, आणि तो पाठवल्याची नोंद नवऱ्याला घेऊ दिली नव्हती.

"सीझरराव?"

"तेही येतील. ज्यांच्यामुळे प्रकरण उघडकीस आलं ते हजर हवेत."

*

आंब्याच्या पेट्या वाहणारा एक टेम्पो ठरवला होता. पुढे ड्रायव्हर आणि मालक. मागे हौद्यात मी, सीझरराव, सीझररावांचा टोप, आणि गवतानं झाकलेली, सुतळीनं बांधलेली एक आंब्याची पेटी. मी मनात म्हटलं, शाबास. माफी मागायला जाताना हापूस नेतात, यापेक्षा चांगलं काय असणार?

पेटीतून पाणी ठिबकत होतं.

"मालक, पेटी गळतेय!" मी केबिनच्या मागच्या खिडकीतून ओरडलो.

"रस आहे!" आतून उत्तर आलं.

हातखंब्याच्या आसपास ऊन चढलं आणि सीझररावांनी पेटीवर हनुवटी टेकून डोळे मिटले. एवढी भक्ती त्यांनी आंब्याला कधी दाखवली नव्हती. मी गवत बाजूला केलं. आत बर्फ होता, आणि बर्फावर एक सुरमई. काय सुरमई! रुपेरी, ताठ, हातभर. कोटातला म्हातारा पहाटे बंदरावर गेला असणार आणि अख्ख्या बाजारातली सगळ्यात देखणी मासळी छत्रीच्या टोकानं दाखवून घेतली असणार. त्याच्या जन्मात त्यानं कुणाला दिलेली ही पहिली मासळी. माझा ऊर भरून आला, आणि भरून येता येता मला आठवलं की आज सोमवार आहे.

आम्ही मासे खाणारी माणसं आहोत खरी, पण सोमवारी आमच्या घरात सुकटीचा डबासुद्धा उघडत नाहीत. ही गोष्ट मासे खाणाऱ्याच्या पोराला चालता येण्याआधी कळते. जन्मभर न खाणाऱ्याला ती कोण सांगणार?

मी काच ठोकली. "मालक! आज सोमवार आहे!"

"सोमवारच आहे! मग?" ते ओरडले. "मला कॅलेंडर वाचता येतं!" आणि वारा येतो म्हणून खिडकीची काच सरकवून बंद केली. साखरप्यापर्यंत मी ती ठोकत होतो. पुढे ठोकणंही सोडून दिलं आणि सीझररावांच्या गळ्यात हात टाकून बसलो.

मास्तरांचं बिऱ्हाड गावाच्या कडेला होतं. सारवलेलं अंगण, त्यात चटईवर फणसपोळ्या वाळत घातलेल्या, बाजूला आड. मास्तरांची बायको फणसपोळ्या उलटत होती. दीड वर्षाची मुलगी तिच्या पदराला धरून उभी. टेम्पोतून सीझरराव उतरले तशी मुलगी आनंदानं ओरडली, "घोला!"

बाई हसत वळली. फाटकाशी कोण उभं आहे ते दिसलं आणि तिचं हसू गेलं.

मालकांनी टोपी काढली. वाटेत त्यांनी भाषण तयार केलं असणार. ओठ हलताना मी काचेतून पाहिले होते. पण तोंडातून त्यातलं काही निघालं नाही. पुकाऱ्याचा तो आवाज, आणि आता कान देऊन ऐकावा लागत होता.

"तेव्हा तुम्हाला दिवस होते," ते म्हणाले. "मला कल्पना नव्हती, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या हिलाही तसंच वाटतं. मला कल्पना होती."

मी जमिनीकडे पाहू लागलो. हे मलाही नवीन होतं.

बाईनं हातातली फणसपोळी खाली ठेवली. "मलाही माहीत होतं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "तुमची नजर माझ्या पोटाकडे गेली होती. मग तुम्ही ते देवांचं बोललात."

सीझररावांनी एक फणसपोळी उचलली, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मालकांनी पेटी दोन्ही हातांनी पुढे धरली. "हे तुमच्यासाठी आणलंय."

"आंबे?"

"नाही. सुरमई."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "आज सोमवार आहे," ती म्हणाली.

"होय. एक मे. सोमवार."

"आज आमच्या घरात मासळी येत नाही."

मालकांना कळेना. पेटी तशीच हातात, पाणी कोटावर ठिबकतंय. "म्हणजे... तुम्ही रोज खात नाही?"

"सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही, अख्ख्या श्रावणात नाही." तिचा आवाज चढला नाही. "आमच्या घरातही देव आहेत, भाऊसाहेब."

मालकांची मान खाली गेली. बाजारात शरमेनं नुसते कान लाल झाले होते, आता सगळा माणूसच लहान झाल्यासारखा दिसला. फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. ते अर्धं पाऊल मागे सरकले.

"नोंद घेतली," ते पुटपुटले.

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाईनं सीझररावांकडे पाहिलं, त्यांच्या तोंडातल्या फणसपोळीकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकला. "एवढी चांगली मासळी फुकट घालवू नका. याला सोमवार नसेल ना? तिकडे आडापलीकडे दगड आहेत. चूल मांडा, शिजवा आणि घाला याला. आमची भांडी मिळणार नाहीत."

"टोप आणलाय," मालक घाईनं म्हणाले. मग खिशातून एका काडीचा चष्मा काढून दाखवला. "काट्यांचा चष्मापण आणलाय."

ती हसली. हसायचं नव्हतं तिला, पण चष्मा बघून हसलीच.

झेंडावंदन आटपून मास्तर पांढऱ्या टोपीत घरी आले तेव्हा त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा. आपल्या अंगणात आपला जुना घरमालक उकिडवा बसलाय, कोट फांदीला, जानवं कानाला, डोळ्यांवर मोडका चष्मा, आणि तो सुरमई शिजवतोय. शेजारी वासराएवढा कुत्रा, आणि कुत्र्याच्या पाठीला धरून आपली मुलगी. मास्तर आ वासून जवळ आले.

"मास्तर, लांब उभे राहा," मालक मान वर न करता म्हणाले. "आज तुमचा सोमवार आहे."

सीझररावांनी सुरमई खाल्ली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एवढी उंची मासळी एवढ्या कमी वेळात कुणी खाल्ली नसेल. मी बघत होतो, आणि सोमवार असूनही माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"जेवून जा," बाई दारातून म्हणाली. "या आत."

मी निघालो. मालक जागचे हलले नाहीत. त्यांनी स्वतःचे हात नाकाशी नेले. मग तिच्याकडे पाहिलं.

"मला आत येता यायचं नाही," ते म्हणाले. "हाताला वास आहे."

तिनं कळशीकडे बोट दाखवलं. "आडावर अंघोळ करा. डोक्यावरून. मग या."

मास्तरांचा लेंगा मालकांना पोटरीपर्यंत आला. ते केसांतून पाणी ठिबकत, तोकडा लेंगा सावरत पाटावर बसले. वरण-भात, आमसुलाचं सार, फणसाची भाजी. ती वाढत होती आणि ते एकही शब्द न बोलता जेवत होते. सार कमी तिखट होतं. त्याचीही नोंद त्यांनी कुणाला घ्यायला लावली नाही.

*

पोथीचा मान त्यांना परत मिळाला नाही. 'कुत्र्यासाठी' हा शब्द बाजारात अजून चालतो. तो कुठून आला हे आता कुणाला ठाऊक नाही. सीझरराव पाच-सहा वर्षं राहिले. एवढ्या आकाराच्या मंडळींना फार आयुष्य नसतं म्हणे.

देवरूखहून आल्यावर मालकांनी फाटकावरच्या पाटीतल्या 'शाकाहारी' या शब्दावर चुना फासला. जवळ गेलं की तो शब्द वाचता येई.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, ते माझ्या दाराशी आले. हातात पिशवी होती. "आज चालतं ना?" त्यांनी विचारलं. पिशवीत बांगडे होते. "घरात करा. दार लावू नका. उकडतं."

मी त्या खोलीत पहिल्यांदा मासे तळले. दार उघडं होतं, खिडकी उघडी होती. सीझरराव उंबऱ्यावर येऊन बसले. वास विहिरीवरून अंगणात गेला, अंगणातून घराकडे गेला, आणि मी हातात उलथनं घेऊन कान देऊन उभा राहिलो.

पलीकडे मालकांनी आपली खिडकी लावून घेतली. पण इतकी हळू, की मला ऐकू जाऊ नये.